सुलिव्हनांचं मामकूळ

आयरिश माणसाच्या आडनावाबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. किंवा नकाच विचारू. गेल्या वर्षभरात मी या विषयावर एवढं वाचलंय, आणि त्याहून जास्त बोललोय, की कुवेतच्या अर्दिया भागातल्या आमच्या गोदामात जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन येताना दिसलो की मंडळींना एकदम घरून फोन यायला लागतात. पंपांचे सुटे भाग सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आयर्लंड इंग्लंडच्या डाव्या अंगाला आहे की उजव्या, हे त्याआधी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं.

हे सगळं मागे लागलं ते लेकीमुळे. ती जाब्रियात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्याकडे एक आयरिश मास्तर दुखावलेला गुडघा घेऊन आला. इथे कुवेतमध्ये हे लोक संध्याकाळी त्यांचा कसलासा फुटबॉल खेळतात, त्यात तो पडला होता. गुडघा बरा झाला, मास्तर मात्र येतच राहिला. हे आधी माझ्या बायकोला कळलं, मग शेजारणीला, मग इमारतीच्या वॉचमनला, आणि मग मला. वॉचमनने तर माझं अभिनंदनही केलं. मी त्याला विचारलं, कशाबद्दल?

मुलगा चांगला होता. तक्रारीला जागाच नव्हती, आणि तीच मला खटकत होती. आमच्या सलव्यातल्या घरी तो चपला काढून आत येई, बायकोच्या हातचं थालीपीठ मागून घेई, आणि मला "अंकल" न म्हणता दुसऱ्याच भेटीत "बाबा" म्हणाला. आता यात कुठे बोट ठेवायचं?

प्रश्न होता तो आत्याचा.

आत्या नाशिकला असते. माझी आई मी फार लहान असताना गेली आणि मला वाढवलं ते वडिलांच्या या बहिणीने. तिने लग्न केलं नाही, शाळेत मराठी शिकवलं, आणि अजूनही माझं व्हॉट्सअपवरचं लिखाण ती तपासून परत पाठवते. माझी लेक तिला आजी म्हणते. तिच्या सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या आजीच्या फ्लॅटमध्ये गेल्या. लेकीचं मराठी आज जे काही शिल्लक आहे ते आत्याने मारूनमुटकून बसवलेलं. म्हणूनच लग्न नाशिकला करायचं ठरलं, कार्यालयही आत्याच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवरचं धरलं. लेकीने मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "बाबा, आय डोन्ट केअर अबाउट द हॉल. आजी हवी. आजी नसेल तर कॅन्सल कर, आम्ही डब्लिनला जाऊन सह्या करतो."

आत्याला फोनवर बातमी सांगितली तेव्हा मी उभा होतो. बसून सांगायची हिंमत नव्हती.

"ख्रिश्चन का? असू दे," आत्या म्हणाली. "गोरा आहे? असू दे, इलाज नाही. करतो काय?"

"मास्तर आहे. गणित शिकवतो."

"मग उपाशी राहणार नाही आणि श्रीमंतही होणार नाही. बरं आहे. घराणं कसलं?"

"आत्या, त्यांच्यात घराणं वगैरे..."

"घराणं नाही तर काय झाडावरून पडला? आडनाव आहे ना? मग ते कुठून तरी आलं असेल. मूळ गाव, कूळ, मामकूळ, सगळं नीट काढ आणि मला शुक्रवारी वाच. आपल्या घरात मुलगी देताना हे विचारल्याशिवाय कोणी सुपारी फोडलेली नाही."

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? "बरं" म्हणून विषय सोडून दिला असता. आत्या पुढच्या शुक्रवारपर्यंत बहुधा विसरली असती. म्हणजे, नसती विसरली, पण पाहता आलं असतं. मी मात्र पेटलो. मला वाटलं, लेकीच्या लग्नात बापाला करण्यासारखं एवढं एकच काम उरलंय. हॉल, जेवण, साड्या, पाहुणे, सगळं बायकोने आणि लेकीने परस्पर ठरवलं होतं.

तर आडनाव होतं सुलिव्हन. मी लॅपटॉप उघडला.

आडनावाआधी येणारा ओ म्हणजे नातू किंवा वंशज. मॅक म्हणजे मुलगा. इथपर्यंत सोपं. मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. वॉर्ड म्हणजे भाटाचा मुलगा. हिकी म्हणजे वैद्याच्या वंशातला. बायको भाजी निवडत होती तिला मी एकेक वाचून दाखवत होतो. डॉयल म्हणजे काळा परका. वॉल्श म्हणजे नुसताच परका, वेल्सकडून आलेला. शेकडो वर्षं त्याच मातीत नांदून, तिथेच पोरंबाळं होऊन, आडनाव अजून परका! मी बायकोला म्हटलं, "म्हणजे इथे आपण सगळेच वॉल्श."

"अहो, मेथीत माती फार आहे," ती म्हणाली.

सुलिव्हनचं मात्र काही केल्या जमेना. पहिला भाग म्हणजे डोळा, यावर सगळ्यांचं एकमत. पुढच्या भागावरून मारामारी. एक म्हणे काळ्या डोळ्यांचा. दुसरा म्हणे ससाण्याच्या डोळ्यांचा. तिसरा खुशाल सांगतो, एका डोळ्याचा. जो तो आपल्या जागी ठाम, आणि प्रत्येकाच्या पानावर शेवटी "आपल्या घराण्याचं मानचिन्ह मागवा" म्हणून ढाल-तलवारीचं चित्र. ओ-चंही तेच. इंग्रजांच्या राज्यात पुष्कळांनी ओ टाकून दिला, पुढे काहींनी परत लावला, काहींनी नाही लावला. एका घरात थोरला ओ'सुलिव्हन आणि धाकटा नुसता सुलिव्हन. मी वैतागून गेलो. गोदामात माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी परत पाठवला असता.

तरी मी हटलो नाही. विवाहमंडळाच्या कागदावर असतो तसा एक बायोडाटा तयार केला. मूळ गाव: कॉर्क परगणा, समुद्राकाठी. व्यवसाय: पूर्वी शेती व मासेमारी. आडनावाचा अर्थ: काळ्या डोळ्यांचा, कारण तीनपैकी तोच सभ्य वाटला. मामकुळाची जागा तेवढी रिकामी होती. मी होणाऱ्या जावयाला निरोप पाठवून विचारलं, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय? त्याचं लगेच उत्तर आलं. मी ते लिहून टाकलं आणि शुक्रवारची वाट पाहू लागलो.

कुवेतमध्ये शुक्रवार सुट्टीचा. दुपारी जेवणवेळेला आत्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. मी घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. काळे डोळे आत्याला आवडले. समुद्राकाठी म्हटल्यावर तिने मान डोलावली. मी त्याच सुरात शेवटची ओळ वाचली, "मामांचं आडनाव: सुलिव्हन."

आत्याचा चेहरा पडद्यात एकदम जवळ आला. मला वाटलं, ऐकू आलं नाही.

"परत वाच," आत्या म्हणाली.

मी परत वाचलं. आणि शपथेवर सांगतो, दुसऱ्यांदा वाचेपर्यंत माझ्या डोक्यात काहीही उजेड पडला नव्हता. रिकामी जागा भरली गेली याच आनंदात मी होतो.

"म्हणजे आई सुलिव्हन आणि बापही सुलिव्हन?" आत्या म्हणाली. "भावकीत लग्न? अरे, बहीण-भाऊ झाले की रे ते!"

"आत्या, तसं नसतं त्यांच्यात..."

"कसं असतं मग? तू विचारलंस?"

"नाही."

"मग तुला काय माहीत? एका कुळात लग्न लावणाऱ्या घरात मी पोरगी जाऊ द्यायची आणि वर अक्षता टाकायच्या? मला जमायचं नाही. तुमचं तुम्ही करा. मी येणार नाही." आणि कॉल बंद.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. "तुम्हाला वाचून दाखवायला कोणी सांगितलं होतं?" एवढंच ती म्हणाली.

लेकीला संध्याकाळी कळलं. ती आधी हसली. मला वाटलं, सुटलो. मग तिने आजीला फोन लावला, आजीने तो घेतला नाही, तेव्हा तिचं हसू गेलं. "बाबा, तू त्याचा बायोडाटा केलास? ही इज नॉट अ जॉब कॅन्डिडेट!" मग जरा वेळाने, मराठीत, "आजी नाही आली तर मी नाही उभी राहणार त्या हॉलमध्ये. आणि एक ऐक. त्याचे आईबाबा पुढच्या महिन्यात इथे येतायत. त्यांना तू हे विचारायचं नाहीस. एक शब्दही नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. म्हणजे आत्याची समजूत काढायची ती मी, आणि ज्यांना खरं माहीत त्यांना विचारायची बंदी तीही मलाच. अशा अटींवर मी आयुष्यात एकही टेंडर भरलेलं नाही.

पुढचे आठवडे मी पुन्हा त्या पानांवर. तिथे लिहिलेलंच होतं की एकच आयरिश आडनाव वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या माणसांपासून सुरू झालेलं असू शकतं, मर्फी आणि केली तर कित्येक ठिकाणी निरनिराळे उगवले, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. मी आनंदाने उडालो. मग पुढे वाचलं, सुलिव्हन मात्र बरेचसे एकाच मूळ पुरुषाचे मानले जातात. मी लॅपटॉप मिटला. एवढ्या आडनावांत माझ्या नशिबी हेच यावं!

आत्याला मी फक्त पहिलं अर्धं सांगितलं. "आत्या, आमच्याकडे बघ, एकाच नावाचं गॅस्केट चार कंपन्या बनवतात. नाव एक, पण एकाचं दुसऱ्याला बसत नाही."

"माणसं म्हणजे गॅस्केट नव्हेत," आत्या म्हणाली. "आणि पाठवलेल्या मेसेजमध्ये 'परंपरा' चुकलंय."

"तू निदान आशीर्वादाला तरी..."

"आशीर्वाद फोनवरून देईन. इथूनच. पोरीला सांग, माझा तिच्यावर राग नाही. पण तिथे येऊन मुकाट्याने बसणं मला जमायचं नाही. तुझ्या वडिलांच्या लग्नाच्या वेळी मी तुझ्या आईच्या माहेरचं कूळ विचारलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. पण विचारलं होतं. आता विचारायचीच लाज वाटायला लागलीय तुम्हाला."

यात खोटं काही नव्हतं. तेच जास्त त्रासाचं होतं. लेक दर दोन दिवसांनी विचारायची, आजी काय म्हणाली? मी म्हणायचो, बघू. हॉलवाला नाशिकहून विचारायचा, पंगती किती? त्यालाही मी म्हणायचो, बघू.

व्याही आणि विहीणबाई आल्या त्या शुक्रवारी बायकोने मसालेभात, अळूवड्या, मठ्ठा, सगळं केलं होतं. व्याही उंच, शांत, पूर्वी दूधसंघात नोकरीला होते. विहीणबाई बुटक्या, बोलक्या, हातात सारखा रुमाल. त्या दोघांच्या चेहऱ्यांत साम्य आहे का हे मी ते दारातून आत येताना निरखून पाहिलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी जोडे बघायला लागलो.

भेट म्हणून मी ती ढाल-तलवार मागवून, फ्रेम करून ठेवली होती. सुलिव्हनांचं मानचिन्ह. व्याह्यांनी ती चष्मा वरखाली करून बघितली आणि अगदी नम्रपणे विचारलं, "ही कोणाची?"

"तुमची! तुमच्या घराण्याची."

"हो का?" ते म्हणाले. "ढाल एखाद्या सरदाराला मिळायची. आमच्या घरात गाय होती." मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी ती मांडीवर घेतली, आणि जेवायला उठेपर्यंत बिचारे ती धरून बसले.

पानं वाढली. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच माझा फोन वाजला. शुक्रवार. दुपार. आत्या. मधल्या काळात ती रागावली होती तरी शुक्रवारचा कॉल चुकवत नव्हती, फक्त बोलणं हवापाण्यापुरतं होतं. आज फोन करू नकोस, पाहुणे आहेत, हे तिला सांगायचं मी साफ विसरलो होतो.

मी फोन उलटा ठेवला. तो वाजत राहिला.

"आजी?" होणारा जावई म्हणाला, आणि मला काही सुचायच्या आत त्याने फोन उचलून चालू केला. पडद्यावर आत्या, चष्मा नाकावर, मागे कॅलेंडर.

"कोण कोण आहे?" आत्या म्हणाली. "अच्छा. ते आलेत का? त्या बाईंना दाखव मला."

माझ्या हातात फोन आला. मी तो विहीणबाईंसमोर धरला. नमस्कार झाले, छान आहात ना झालं. मग आत्या मराठीत म्हणाली, "पोरी, त्यांना विचार, लग्नाच्या आधी त्या दोघांचं आपसात नातं काय होतं?"

लेक गोड हसून इंग्रजीत म्हणाली, "आजी विचारतेय, तुमचा प्रवास कसा झाला?"

"मी ते नाही विचारलं," आत्या पलीकडून म्हणाली. "तीस वर्षं स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या मास्तरणीशेजारी बसलेय मी." आणि मग, शब्द मोजून, व्याकरण सांभाळत, तिने स्वतःच इंग्रजीत विचारलं. तुम्ही दोघं सुलिव्हन. लग्नाआधी तुम्ही नातेवाईक होता का?

बायकोने डाव मठ्ठ्यात सोडला. लेकीने डोळे मिटले. मी फोन धरलेला, त्यामुळे मला पळताही येईना.

विहीणबाईंनी रुमाल खाली ठेवला. त्या एकदम मोठ्याने हसल्या. "अहो, आमच्याकडे दगड मारला तर तो सुलिव्हनलाच लागतो," त्या म्हणाल्या. "शाळेत माझ्या वर्गात निम्म्या मुली सुलिव्हन. म्हणून घराघराला वेगळं नाव असतं. आम्ही लाल सुलिव्हन, आजोबांच्या केसांवरून. हे जोडेवाले सुलिव्हन, यांच्याकडे कोणीतरी चांभारकाम करायचं."

लेक आता इमानाने भाषांतर करत होती. "मग आपल्यासारखंच," आत्या म्हणाली. "पण नावं कोणीही ठेवतं. खात्री कोणी केली?"

मी पुटपुटलो, "आत्या, पुरे."

"तू फोन नीट धर."

विहीणबाईंना प्रश्न कळला. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगू?" व्याही फ्रेम ठेवली होती त्या खुर्चीकडे बघत होते. "सांग," ते म्हणाले.

"हा पहिल्यांदा आमच्या घरी आला," विहीणबाई म्हणाल्या, "तेव्हा माझ्या वडिलांना काही वाटलं नाही. आईलाही नाही. पण घरात वडिलांची बहीण असायची. तिने याला आत येऊ दिलं नाही. अंगणात उभं करून चहा दिला आणि विचारत बसली. तुझी आई कोणाची? तिची आई कोणाची? ती कुठल्या घरातून आली? हा उत्तर देईना तर म्हणाली, घरी जा, विचारून ये. हा सायकलवरून परत गेला आणि दुसऱ्या रविवारी विचारून आला. पाऊस होता. तिने सगळं ऐकून घेतलं, बोटांवर मोजलं, पाद्रीबुवांनाही विचारून आली, तोवर माझ्या लग्नाचा शब्द काढायची कोणाला परवानगी नव्हती. आम्हाला तिचा फार राग यायचा."

लेक सांगता सांगता अडखळली. "वडिलांची बहीण," ती म्हणाली, "म्हणजे, आजी... आत्याने विचारलं."

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"उभ्यानेच चहा दिला?" तिने विचारलं.

"उभ्यानेच," व्याही इतक्या वेळात पहिल्यांदा आपणहून म्हणाले. "आणि साखर नव्हती."

आत्या हसली. किती दिवसांनी हसली. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "विचारणारं माणूस होतं त्या घरात. पोरी, निळी पैठणी माझ्या कपाटात आहे, ती मीच आणीन कार्यालयात, दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही. तुझ्या बापाला सांग, हॉलवाल्याला पंगती कळव म्हणावं, नुसतं बघू बघू काय?"

म्हणजे हॉलवाला तिच्याकडेही जात होता! मी तोंड उघडलं, पण लेक माझ्या खांद्यावरून फोनवर वाकली होती आणि तिचे डोळे भरलेले होते, मग मी फोन तेवढा नीट धरला.

मला वाटलं, झालं, आता जेवू. पण आत्याने विहीणबाईंना विचारलं, ती तुमची आत्या आता आहे का? नाही म्हटल्यावर, तिचं नाव काय, ती शिकलेली होती का, तिचं लग्न झालं होतं का, घरात तिचं कोणी ऐकायचं का. विहीणबाई सांगू लागल्या. त्यांच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ होतं. लेक भाषांतर करत होती, जावई तिला मठ्ठा देत होता, व्याही निवांतपणे मसालेभात संपवत होते आणि बायको त्यांना आग्रह करून आणखी वाढत होती. मी फोन धरून उभा. माझं पान गार झालेलं, हाताला रग लागलेली. मी हळूच फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायला गेलो.

"हलवू नकोस," आत्या म्हणाली. "त्यांचा चेहरा दिसत नाही."

मी हात बदलला.